‘टुडे’ : कानानं बघायचा कार्यक्रम

अमेरिकेत सकाळी सात वाजता ज्या घरात टीव्ही लागलेला असतो, त्या घरात टीव्हीसमोर बसलेलं माणूस बहुधा सापडत नाही. कुणी आंघोळीला गेलेलं असतं, कुणी मुलांचे डबे भरत असतं, कुणी मोज्याचा दुसरा पाय शोधत असतं. टीव्ही आपला बोलत असतो आणि घरातली माणसं त्याच्या आवाजाच्या टप्प्यात येत-जात असतात. अशा प्रेक्षकासाठी एनबीसी या नेटवर्कनं 14 जानेवारी 1952 रोजी ‘टुडे’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी तो रोज सकाळी चालूच आहे. युद्धाच्या बातम्या, हवामान, राष्ट्राध्यक्षांची मुलाखत, पास्ता करायची कृती, कर्करोगाची माहिती, नवं गाणं, निम्म्या किमतीतल्या पर्सा, हे सगळं त्यात एकापाठोपाठ एक येतं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हा नुसता पसारा वाटतो. गंभीर बातमी सांगणारी व्यक्ती दहा मिनिटांनी एप्रन बांधून कांदा परतताना दिसली की बातमीवरचाही विश्वास उडायला लागतो. पण या पसाऱ्यामागे काटेकोर हिशेब आहे. तो हिशेब म्हणजे: प्रेक्षकाचे हात कामात आहेत, डोळे कामात आहेत, मोकळे आहेत ते फक्त कान, आणि त्याला घड्याळाची धास्ती आहे. ‘टुडे’मधल्या जवळपास प्रत्येक विचित्र गोष्टीचा उगम या एका वस्तुस्थितीत सापडतो.

आपल्याकडे ज्यांचं लहानपण रेडिओच्या आवाजात गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागल्या की बातमी कुठली आहे याच्याआधी ‘आता दप्तर भरा’ हे कळायचं. रेडिओ म्हणजे घरातलं बोलणारं घड्याळ होतं. अमेरिकेतही 1952 पर्यंत सकाळ रेडिओचीच होती. ‘टुडे’नं ती जागा मागितली.

पहिली सकाळ

ही कल्पना एनबीसीचे अधिकारी सिल्व्हेस्टर ‘पॅट’ वीव्हर यांची. त्या वेळी अमेरिकेतल्या सुमारे एक तृतीयांश घरांतच टीव्ही पोहोचला होता आणि टीव्ही ही संध्याकाळची, जेवणखाण उरकून बघायची चीज होती. भल्या सकाळी टीव्ही कोण लावणार, असं बहुतेकांचं मत होतं. वीव्हर यांचं म्हणणं असं की लोकांनी बसून बघावं अशी अपेक्षाच ठेवू नका. ऐकून कळेल असा कार्यक्रम करा. जाता जाता मान वळवली तर काहीतरी दिसेल, एवढं चित्र त्याला जोडा.

सूत्रधार म्हणून डेव्ह गॅरोवे यांना घेतलं, तेही याच हिशेबानं. ते मुळात रेडिओचे. जाड चष्मा, बो टाय, आणि एका माणसाशी बोलतोय असा संथ, मऊ आवाज. सकाळी कुणाच्याही घरात मोठ्यानं बोलणारा पाहुणा नको असतो, हे त्यांना नेमकं उमगलेलं होतं. कार्यक्रम संपवताना ते तळहात उंचावून ‘पीस’ एवढंच म्हणत, म्हणजे शांती असो.

स्टुडिओ होता न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरमध्येच, 49व्या रस्त्यावर, आरसीए कंपनीच्या प्रदर्शनाच्या गाळ्यात. रस्त्याच्या बाजूला मोठी काच. कामावर निघालेली माणसं थांबून आत डोकावायची आणि कॅमेरा त्यांनाही दाखवायचा. आत निरनिराळ्या शहरांच्या वेळा दाखवणारी घड्याळं, तारेनं बातम्या आणणारी टेलिप्रिंटर यंत्रं, फोन, त्या दिवशीची वर्तमानपत्रं. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याशी फोनवर बोलता बोलता गॅरोवे समोरच्या नकाशावर रेघा ओढायचे आणि पाऊस कुठं आहे ते सांगायचे. पडद्याच्या खालच्या बाजूला टाइप केलेल्या ठळक बातम्यांची कागदी पट्टी फिरवून तिचं चित्र मुख्य चित्रावर चढवलं जायचं. आज आपल्या मराठी वृत्तवाहिन्यांच्या तळाशी जी पट्टी अहोरात्र पळते, तिचं हे सगळ्यात जुनं रूप मानलं जातं.

समीक्षकांनी सुरुवातीला नाकं मुरडली. एवढी यंत्रं कशाला, यात नवं काय, असा सूर होता. जाहिरातदारही बिचकत होते. कार्यक्रमाला खरी उभारी आली ती 1953 साली, जे. फ्रेड मग्ज नावाच्या चिंपांझीच्या पिल्लामुळे. त्याला कपडे घालून गॅरोवे यांच्या शेजारी बसवू लागले. त्याला बघायला मुलं टीव्हीपुढे बसू लागली, मुलांमागून आया आल्या आणि आयांमागून जाहिरातदार. त्याच वर्षी 2 जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. अमेरिकी प्रक्षेपणात त्या सोहळ्याच्या चित्रांच्या अध्येमध्ये या चिंपांझीला दाखवलं गेलं आणि ब्रिटनमध्ये संताप उसळला. जाहिरातींवर चालणारा टीव्ही आपल्या देशात येऊ द्यावा की नाही, हा वाद तिथं नेमका त्याच सुमारास चालू होता. ‘हे बघा, असं होतं’ म्हणायला विरोधकांना आयतं उदाहरण मिळालं.

गंभीर बातमीच्या शेजारी लोकांना ओढणारं काहीतरी ठेवायचं आणि त्या गर्दीवर बातमीचा खर्च भागवायचा, हा व्यवहार तेव्हापासून चालत आलेला आहे.

घड्याळावर बेतलेला रनडाउन

वृत्तवाहिनीत कुठल्या मिनिटाला काय जाणार याचा जो तक्ता असतो, त्याला रनडाउन म्हणतात. रात्रीच्या बातम्यांचा रनडाउन एकदाच वाचायच्या मजकुरासारखा असतो: महत्त्वाचं आधी, हलकं शेवटी. सकाळचा तसा नसतो, कारण सकाळी प्रेक्षक सात ते नऊ असा दोन तास बसलेला नसतो. कुणी सातला येतो आणि साडेसातला दार ओढून निघून जातो. कुणी आठला उठतो. म्हणून दोन तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडलेले असतात. सातला ठळक बातम्या, साडेसातला पुन्हा मथळे, आठला पुन्हा, साडेआठला पुन्हा. सलग बघणाऱ्याला तेच तेच वाटतं आणि तो वैतागतो. तो आळशीपणा अजिबात नाही. नुकत्याच आलेल्या माणसाला ‘तुम्ही नसताना काय झालं’ हे सांगण्याचा तो शिष्टाचार आहे. हवामानाचंही तेच. छत्री घ्यायची की नाही, हे माणसाला बाहेर पडायच्या आधीच्या दहा मिनिटांत हवं असतं, आणि प्रत्येकाची ती दहा मिनिटं वेगळी असतात.

पहिल्या वीसेक मिनिटांत सहसा जाहिरात नसते. दिवसाची मोठी बातमी, वार्ताहराचं पॅकेज (म्हणजे चित्रं आणि आवाज जोडून त्यानं तयार केलेली बातमी), मग एखाद्या जाणकाराशी किंवा नेत्याशी दोन-चार मिनिटं बोलणं, असा तो भरगच्च भाग असतो. जसजसं घड्याळ पुढं सरकतं तसतशा जाहिराती वाढतात आणि विषय हलके होत जातात. आठनंतर नोकरीवर जाणारी बरीच माणसं घराबाहेर पडलेली असतात, मुलं शाळेत गेलेली असतात. मागं राहिलेल्यांना आता जरा श्वास घ्यायला सवड असते. मग तब्येत, पैसे, पालकत्व, पुस्तकं, पाककृती. नऊनंतर तर गप्पाच. सन 2000 मध्ये तिसरा तास जोडला गेला आणि 2007 मध्ये चौथा.

इथं अमेरिकी टीव्हीची एक व्यवस्था समजून घ्यावी लागेल, कारण ती आपल्यासारखी नाही. एनबीसी ही आपल्याकडच्या अर्थानं एक वाहिनी नव्हे. देशभर दोनशेहून अधिक स्थानिक केंद्रं तिच्याशी जोडलेली आहेत आणि त्यांतली बरीच दुसऱ्याच कंपन्यांच्या मालकीची आहेत. न्यूयॉर्कहून मुख्य कार्यक्रम येतो, पण प्रत्येक अर्ध्या तासाच्या शेवटी शेवटी चार-पाच मिनिटं स्थानिक केंद्राच्या हवाली केली जातात. त्या मिनिटांत डेन्व्हरच्या माणसाला डेन्व्हरमधला ट्रॅफिक कळतो आणि ह्यूस्टनच्या माणसाला ह्यूस्टनचा पाऊस. त्या फटीतली जाहिरात स्थानिक केंद्राला पैसे मिळवून देते. देशाची बातमी आणि गल्लीतली बातमी एकाच अर्ध्या तासात, हे या रचनेचं फार मोठं बळ आहे.

वेळेचा आणखी एक गुंता आहे. न्यूयॉर्कला सात वाजतात तेव्हा शिकागोला सहा आणि लॉस एंजेलिसला पहाटेचे चार. सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेप नव्हती, म्हणून गॅरोवे आणि मंडळी सलग तीन तास थेट कार्यक्रम करायची: पूर्वेकडच्या लोकांना पहिले दोन तास दिसायचे, मध्य भागातल्यांना शेवटचे दोन. पुढं टेप आली आणि प्रश्न सुटला. आज पूर्वेला कार्यक्रम थेट जातो आणि बाकीच्या भागांत तिथल्या सात वाजता दाखवला जातो. मोठी घडामोड झाली तर पश्चिमेकडच्या प्रेक्षकांसाठी तेवढा भाग नव्यानं केला जातो.

चार मिनिटांची मुलाखत

या कार्यक्रमातली चार मिनिटांची मुलाखत कशी उभी राहते ते बघू. पुरात घर वाहून गेलेल्या एखाद्या कुटुंबाची गोष्ट घ्या. आदल्या दुपारी डेस्कवर बातमी येते. पाहुणे ठरवणारी माणसं, म्हणजे आपल्याकडचं गेस्ट कोऑर्डिनेशन, फोनाला लागतात. प्रतिस्पर्धी वाहिन्यांचीही माणसं त्याच कुटुंबाच्या मागं असतात, कारण पहिली मुलाखत ज्याची, त्याची सकाळ. होकार मिळाला की निर्माता त्या व्यक्तीशी फोनवर सविस्तर बोलून घेतो: काय घडलं, कोणत्या क्रमानं, कुठला प्रसंग सांगताना गळा दाटतो. त्यातून टिपण तयार होतं, संभाव्य प्रश्न निघतात, सोबत दाखवायची चित्रं निवडली जातात. हे सगळं रात्रपाळीत चालतं. अँकर पहाटे साडेतीन-चारला उठून टिपण वाचतो.

प्रत्यक्ष मुलाखतीत अँकरच्या कानात इअरपीस असतो आणि त्यातून नियंत्रण कक्षातला निर्माता बोलत असतो: ‘चित्र येतंय’, ‘तीस सेकंद’, ‘आता आवरा’. समोरची बाई रडते आहे, कानात कुणीतरी सेकंद मोजतंय, आणि चेहऱ्यावर त्यातलं काहीही दिसता कामा नये. प्रश्न असा हवा की तो ऐकल्यावर नुकत्याच स्वयंपाकघरातून आलेल्या माणसालाही पाहुणी कोण आहे हे कळावं. म्हणून अँकर बोलता बोलता पाहुण्यांचं नाव आणि घटना पुन्हा सांगतो. छापील मुलाखतीत ही पुनरुक्ती खटकली असती. इथं तिच्याविना चालत नाही. मुलाखतीनंतर लगेच गिअर बदलायचा असतो. दुःखावरून थेट पॅनकेकवर उडी मारता येत नाही. म्हणून मधे हवामान येतं, स्थानिक बातम्या येतात, जाहिरात येते. हवामान सांगणाऱ्याचं हेही एक काम असतं: खोलीतली हवा बदलणं. 1996 पासून अल रोकर हे काम करत आले आहेत आणि त्यांची ती हातोटी बघण्यासारखी आहे.

हा गिअर उलट्या दिशेनंही पडतो. 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी साडेआठनंतरचा, म्हणजे हलक्या विषयांचा भाग चालू होता. सूत्रधार मॅट लॉअर एका चरित्रकाराची मुलाखत घेत होते. आठ वाजून शेहेचाळीस मिनिटांनी पहिलं विमान वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळलं आणि काही मिनिटांतच ती मुलाखत अर्ध्यावर तोडून पडद्यावर जळता मनोरा आला. नऊ वाजून तीन मिनिटांनी दुसरं विमान आदळलं तेव्हा देशातली असंख्य घरं ते या कार्यक्रमावर थेट बघत होती. लॉअर आणि सहसूत्रधार केटी कुरिक पुढं तासन्‌तास बोलत राहिले. सकाळचे हे अँकर ‘हलके’ म्हणून हिणवले जातात, पण पाककृतीच्या पानावरून महासंकटाच्या पानावर क्षणात जायची तयारी ज्याच्याकडे नाही त्याला ती खुर्ची देताच येत नाही.

सोफ्यावरचं कुटुंब

सकाळ ही दिवसातली सगळ्यात खासगी वेळ. केस विंचरलेले नसतात, अंगावर रात्रीचे कपडे असतात. अशा वेळी ज्याला आपण घरात घेतो तो माणूस नुसता हुशार असून भागत नाही. तो आवडावा लागतो. एबीसी नेटवर्कनं 3 नोव्हेंबर 1975 रोजी ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ सुरू केला तेव्हा सूत्रधार म्हणून पत्रकार न घेता डेव्हिड हार्टमन या अभिनेत्याला घेतलं आणि सेट दिवाणखान्यासारखा केला. तो कार्यक्रम कित्येक वर्षं एबीसीच्या बातमी विभागाकडे नव्हताच, मनोरंजन विभागाकडे होता. 1995 मध्ये तो बातमी विभागाकडे आला. त्या स्पर्धेमुळे ‘टुडे’लाही जास्त घरगुती व्हावं लागलं.

पण या ‘कुटुंबा’त कुणाला कुठली खुर्ची मिळते, हा साधा प्रश्न नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत कार्यक्रमातल्या बाईला ‘टुडे गर्ल’ म्हणत. तिच्या वाट्याला हवामान, फॅशन आणि हलक्या गप्पा. बार्बरा वॉल्टर्स 1961 साली इथं लेखिका म्हणून आल्या आणि हळूहळू पडद्यावर मोठ्या मुलाखती घेऊ लागल्या. फ्रँक मॅगी मुख्य सूत्रधार झाले तेव्हा त्यांनी एक अट घातली: स्टुडिओत कुणी बडी असामी आली तर पहिले तीन प्रश्न मी विचारणार, बार्बरांनी चौथ्यापासून सुरुवात करायची. वॉल्टर्स यांनी त्यावर तोड काढली. स्टुडिओबाहेर जाऊन घेतलेल्या मुलाखतीला तो नियम लागू नव्हता, म्हणून त्या पाहुण्यांना त्यांच्या घरी, कार्यालयात गाठू लागल्या. शिवाय करारात एक कलम घालून घेतलं की मॅगी गेले तर मला सहसूत्रधाराचा दर्जा मिळेल. एप्रिल 1974 मध्ये मॅगी यांचं आजारपणानं निधन झालं आणि त्या कलमाच्या जोरावर वॉल्टर्स या कार्यक्रमाच्या पहिल्या महिला सहसूत्रधार झाल्या. दोनच वर्षांनी एबीसीनं वर्षाला दहा लाख डॉलर देऊन त्यांना नेलं. चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करणाऱ्या बाईनं मिळवलेला तो आकडा मला या कार्यक्रमाच्या इतिहासातली सगळ्यात समाधानाची गोष्ट वाटते.

कुटुंबाचा आभास निर्माण केला की तो मोडण्याची किंमतही मोजावी लागते. 1976 पासून कार्यक्रमात असलेल्या जेन पॉली 1989 मध्ये बाजूला झाल्या आणि त्यांच्या जागी वयानं लहान डेबोरा नॉर्व्हिल आल्या. सासरच्यांनी सुनेला घराबाहेर काढावं तसा तो बदल प्रेक्षकांना लागला. कुणी कुणाला ढकललं याची चर्चा देशभर झाली, प्रेक्षक सोडून गेले आणि ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ पुढं गेला. 1991 मध्ये केटी कुरिक आल्यावर गाडी रुळावर आली. पुढच्या वर्षी जेफ झकर अवघ्या सव्विसाव्या वर्षी कार्यकारी निर्माता झाले, 1994 मध्ये पुन्हा रस्त्याकडे काच असलेला ‘स्टुडिओ 1ए’ उभा राहिला, आणि डिसेंबर 1995 पासून ‘टुडे’ सलग 852 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. ती मालिका एप्रिल 2012 मध्ये तुटली. त्यानंतर जूनमध्ये अ‍ॅन करी यांना सहसूत्रधारपदावरून हटवलं गेलं. थेट प्रक्षेपणात निरोप घेताना त्यांना रडू आवरेना. तेवीस वर्षांपूर्वीची चूक नेटवर्कनं जवळपास तशीच पुन्हा केली होती.

29 नोव्हेंबर 2017 ची सकाळ तर आणखी कठीण. एका सहकारी स्त्रीनं लैंगिक गैरवर्तनाची तक्रार केल्यानंतर मॅट लॉअर यांना काढून टाकल्याचं सहकारी सूत्रधार सव्हाना गथ्री आणि होडा कॉटबी यांनी सात वाजता कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितलं. वीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या सहकाऱ्याबद्दलची बातमी त्यांनाच वाचावी लागली. जानेवारी 2018 मध्ये कॉटबी यांना लॉअर यांची जागा अधिकृतपणे मिळाली आणि मुख्य दोन्ही खुर्च्यांवर पहिल्यांदाच दोन स्त्रिया बसल्या. कॉटबी जानेवारी 2025 मध्ये निघाल्या, तेव्हा मात्र निरोप गोड होता, आणि त्यांच्या जागी आधीपासून घरचेच झालेले क्रेग मेल्विन आले. अनोळखी माणूस एकदम आणून बसवायचा नाही, हे एव्हाना नेटवर्क शिकलेलं आहे.

पैसे कुठून येतात

अमेरिकी नेटवर्कांच्या बातमी विभागांना सर्वांत जास्त कमाई सकाळच्या कार्यक्रमांतून होते. याची मुळंही वीव्हर यांच्यापर्यंत जातात. त्या काळी एखाद्या कार्यक्रमाचा एकच प्रायोजक असे आणि कार्यक्रमात काय असावं यावर त्याचाच हुकूम चाले. वीव्हर यांनी मासिकासारखी पद्धत आणली: मजकूर नेटवर्कचा, आणि जाहिरातीची मिनिटं अनेकांना सुटी-सुटी विकायची. एक जाहिरातदार रुसला तरी कार्यक्रम बंद पडत नाही. पत्रकारितेच्या दृष्टीनं हा मोठा सुधार होता.

तरी मजकूर आणि जाहिरात यांच्यातली शिवण पूर्ण नीट बसलेली नाही. विलर्ड स्कॉट या हवामानवाल्या आजोबांचं उदाहरण फार बोलकं आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी शंभरी गाठलेल्या माणसांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला सुरुवात केली. देशभरातून घरचे लोक फोटो पाठवू लागले. पुढं ते फोटो मुरंब्याच्या बाटलीच्या लेबलावर दिसू लागले, आणि ती बाटली स्मकर्स या कंपनीची. एखाद्या खेड्यातल्या आजीला देशभर बघितलं जाण्याचा आनंद अगदी खरा होता, आणि ती जाहिरातही होती. ब्रायंट गंबल हे कार्यक्रमाचे पहिले कृष्णवर्णीय सहसूत्रधार; त्यांनी वरिष्ठांना लिहिलेलं एक अंतर्गत टिपण 1989 मध्ये फुटलं, त्यात स्कॉट यांच्या या वाढदिवसांवर कडक टीका होती. कार्यक्रमात बातमी मोठी की ऊब मोठी, हा घरातला वाद त्या दिवशी चव्हाट्यावर आला. स्कॉट यांनी नंतर थेट प्रक्षेपणातच गंबल यांच्या गालाचा मुका घेऊन तो मिटवला.

आज शिवण आणखी उसवली आहे. सवलतीच्या वस्तू दाखवणारा ‘स्टील्स अँड डील्स’ हा भाग म्हणजे सरळ दुकान आहे. त्यातल्या विक्रीतून एनबीसीला वाटा मिळतो आणि तसं जाहीरही केलं जातं. एनबीसी आणि युनिव्हर्सल स्टुडिओ एकाच मालकाचे, त्यामुळे तिथल्या चित्रपटाचे कलाकार सोफ्यावर आले की ती मुलाखत आणि प्रचार यांतली रेघ पुसट होते. यावर होणारी टीका मला रास्त वाटते. बातमी देणाऱ्याच चेहऱ्यानं वस्तू विकू नये. ‘जाहीर केलं म्हणजे झालं’ हे उत्तर अर्ध्या लक्षानं ऐकणाऱ्या प्रेक्षकाच्या बाबतीत पुरेसं नाही, कारण तो जाहीर केलेलं वाक्य ऐकायला खोलीत असेलच असं नाही.

पण याच विश्वासाचा उपयोग कसा करता येतो, तेही इथंच दिसलं. केटी कुरिक यांचे पती जानेवारी 1998 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं गेले, तेव्हा ते फक्त बेचाळीस वर्षांचे होते. मार्च 2000 मध्ये कुरिक यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं केलेली आतड्याची तपासणी, या कार्यक्रमात दाखवली. पोट साफ करायचं औषध पिण्यापासून ते गुंगीत पडून पडद्यावर स्वतःचं आतडं बघण्यापर्यंत सगळं. ज्या आजाराचं नावही लोक घरात मोठ्यानं घेत नव्हते, त्याबद्दल ओळखीची बाई सकाळी सकाळी हसून बोलत होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर पाहणी केली तेव्हा त्यांनी अभ्यासलेल्या डॉक्टरांकडे या तपासण्यांचं प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक वाढलेलं आढळलं. वैद्यकीय लेखनात त्याला ‘कुरिक इफेक्ट’ म्हणतात. रात्रीच्या बातम्यांत तज्ज्ञानं हेच आवाहन केलं असतं, तर एवढी माणसं तपासणीला गेली असती असं मला वाटत नाही. रोज दिसणाऱ्या माणसाचं ऐकलं जातं.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये सकाळचा टीव्ही यायला 1983 उजाडलं. बीबीसीनं 17 जानेवारीला सोफा आणि स्वेटर घालून बसलेला सूत्रधार घेऊन सुरुवात केली. दोन आठवड्यांनी टीव्ही-एएम ही खासगी कंपनी नामांकित पत्रकारांचा संच आणि ‘जग समजावून सांगू’ असा गंभीर निर्धार घेऊन उतरली आणि आपटली. तिला तारलं ते रोलंड रॅट नावाच्या उंदराच्या बाहुल्यानं. न्यूयॉर्कच्या चिंपांझीची गोष्ट तीस वर्षांनी लंडनमध्ये जशीच्या तशी घडली. भारतात दूरदर्शननं सकाळचं प्रसारण 1987 मध्ये सुरू केलं.

आता अमेरिकेतही सकाळचा टीव्ही बघणाऱ्यांची संख्या घटते आहे. हवामान आणि वेळ फोनवर मिळते, आणि कार्यक्रमाचे तुकडे नंतर यूट्यूबवर सापडतात. तुकड्यांत मात्र घड्याळ हरवतं: साडेसातचा मथळा नाही, स्थानिक पाऊस नाही, दुःखाच्या आणि पाककृतीच्या मधली हवामानाची दोन मिनिटं नाहीत. उरतात त्या सुट्या मुलाखती आणि सुट्या पाककृती. त्या बघून या कार्यक्रमाबद्दल मत बनवलं तर ते अर्धवटच राहील.

न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनला नातेवाइकांकडे जाणं झालंच तर एक दिवस सातच्या ठोक्याला टीव्ही लावा आणि समोर बसू नका. चहा टाका, आवराआवर करा. पहिली वीस मिनिटं आणि साडेसातचा मथळा कानावर पडू द्या, मग मान कधी आणि कशासाठी वळते ते बघा. इथून थेट बघायची सोय झाली तर न्यूयॉर्कचे सात म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच.